किर्गिझ शिरदाक आणि स्त्रियांचा व्यवसाय : पैसा नेमका कोणत्या हातात पोचतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : किर्गिझस्तानातील शिरदाक आणि आला-कियीझ हे नमद्याचे, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेल्या जाड थराचे, गालिचे युनेस्कोने 2012 साली तातडीने जतन करण्याच्या वारशाच्या यादीत घातले आणि खेड्यांतील स्त्रियांनी सहकारी संस्था व छोटे उद्योग काढून ही कला वाचवली, असे सर्वत्र वाचायला मिळते, हे खरे आहे काय, आणि असल्यास माणदेशातील धनगर स्त्रियांच्या ज्या बचत गटांबरोबर आपण काम करता, त्यांना त्यातून काय घेता येईल? लोकरीच्या वस्तूंचे उत्पादन आणि त्यांची किंमत-आकारणी हे माझे गेल्या वीस-बावीस वर्षांचे काम आहे. त्यानिमित्ताने नारीन प्रांतातील कोचकोर आणि आत-बाशी येथील स्त्रियांबरोबर मी काही हंगाम बसले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देते.

व्यवसायामुळे शिरदाक टिकला हे खरे आहे, परंतु विक्री वाढली की कला आपोआप टिकते असे मानणे चूक आहे. गालिचा ही एका बाईने एका बैठकीत केलेली वस्तू नसते. तिच्यात सात-आठ वेगवेगळी कामे असतात आणि त्यांतील काही कामे कोणालाही दोन दिवसांत शिकवता येतात, तर एक-दोन कामांना दहा वर्षे लागतात. विक्रीचा पैसा या अवघड कामापर्यंत पोचला तरच पुढच्या पिढीतील कोणीतरी ते शिकते. तो सोप्या कामापाशीच थांबला तर दुकान चालते, घरेही चालतात, आणि गालिचा मात्र हळूहळू बंद पडतो. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे, म्हणून आधी काम कसे होते ते पाहू.

लोकर कातडीवर पसरून काठ्यांनी झोडपतात, म्हणजे धूळ व काडीकचरा निघतो आणि गुठळ्या सुटतात. मग ‘ची’ नावाच्या उंच, ताठ गवताच्या काड्या बांधून केलेल्या चटईवर तिचे थर लावतात, उकळते पाणी शिंपडतात, चटईची वळकटी करून दोराने आवळतात आणि ती वळकटी अंगणभर ओढत, पायांनी दाबत फिरवतात. या कामाला माणसे लागतात, म्हणून शेजारणी-पाजारणी येतात. एकमेकांच्या कामाला बिनमजुरीने हात लावण्याच्या या रीतीला तिकडे ‘अशार’ म्हणतात. नंतर वळकटी उघडून ओला थर गुंडाळतात आणि स्त्रिया एका ओळीत गुडघ्यांवर बसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने तो लयीत दाबत राहतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत, एवढेच यामागचे शास्त्र. आपल्याकडे जुन्या पिढीला ‘बुरणूस’ हा शब्द माहीत असेल. माग नाही, ताणा-बाणा नाही, लोकर नुसती दाबून केलेले वस्त्र, ते हेच.

इथून दोन वाटा फुटतात. आला-कियीझमध्ये अर्धवट जमलेल्या थरावर रंगीत लोकरीची नक्षी मांडतात आणि दोन्ही एकत्र वळून घट्ट करतात, त्यामुळे नक्षीच्या कडा पाण्यात शाई पसरावी तशा मऊ राहतात. काम तुलनेने लवकर होते, पण गालिचा लवकर झिजतो. शिरदाकमध्ये दोन वेगळ्या रंगांचे तयार नमदे एकावर एक ठेवतात, वरच्यावर खडूने नक्षी काढतात आणि धारदार सुरीने दोन्ही थर एकदमच कापतात. लालातून निघालेला शिंगासारखा आकार निळ्याच्या खाचेत बसतो आणि निळ्याचा लालात; एक चिंधीही वाया जात नाही, आणि एकाच कापणीतून एकमेकांची उलटी प्रतिमा असलेल्या दोन नक्ष्या हाती येतात. मग तुकडे कडेला कड लावून शिवतात, आणि शिवणीवर ‘जीक’ नावाची पिळाची दोरी बसवतात. एका दोरीचा पीळ उजवा आणि शेजारच्या दोरीचा डावा असल्यामुळे दोन्ही मिळून वेणीसारख्या दिसतात. शेवटी हे सगळे न रंगवलेल्या जाड नमद्यावर ठेवून नक्षीच्या रेषेला समांतर असे टाके घालत जातात. गोधडीचा धावदोरा ज्यांच्या हातात बसला आहे त्यांना हे काम ओळखीचे वाटेल, फक्त इथे सुई बोटभर जाडीच्या लोकरीतून ओढायची असते. त्यासाठी बायका हाताला चिंधी गुंडाळतात आणि तरीही तर्जनीवर घट्टे पडतात. नमदा उन्हाच्या दिवसांत आणि शरदात होतो, टाके हिवाळाभर चालतात. असा गालिचा नीट वापरला तर दोन पिढ्या टिकतो.

यातील अवघड काम कोणते, असे नवख्या माणसाला विचारले तर तो टाके घालण्याचे नाव घेईल, कारण तेच दिसते आणि तेच महिनोन्‌महिने चालते. प्रत्यक्षात अवघड आहे ती खडूची रेषा. गालिच्याचा मध्य, त्याभोवतीची चौकट, कोपऱ्यात नक्षी वळवण्याची युक्ती, आणि कापल्यावर भरलेला आकार व रिकामा आकार हे दोन्ही सारखेच डौलदार दिसले पाहिजेत ही अट. हे सगळे ती बाई मनात धरून कापत असते. एडक्याच्या शिंगांच्या नक्षीला ‘कोचकोर मुयुझ’ म्हणतात. ती शेकडो गालिच्यांवर आहे आणि तरी कसलेल्या हाताची ओळखू येते. आत-बाशीत मी एका साठीच्या आजींना कापताना पाहिले. त्यांनी चौथ्या हिश्शाचीच नक्षी काढली, नमदा घडी घालून ठसा उमटवला, आणि बाकीची रेषा खडूशिवाय, थेट सुरीने पूर्ण केली. त्यांच्या भोवती टाके घालणाऱ्या पाच जणी होत्या. कापायला शिकते आहे असे सांगणारी त्यांत एकही नव्हती.

युनेस्कोने 2012 साली नोंदवलेली कारणेही याच दिशेने बोट दाखवतात. काम करणाऱ्यांपैकी बहुतेक स्त्रिया चाळिशी ओलांडलेल्या आहेत, तरुण मुलींना रस नाही, स्वस्त कृत्रिम गालिचे बाजारात आले आहेत आणि कच्च्या मालाचा दर्जा घसरला आहे, असे त्या नोंदीचे सार आहे; आला-कियीझ किर्गिझ घरांतून जवळजवळ नाहीसा झाल्याचेही तिच्यात म्हटले आहे. यादीत नाव आल्याने मान मिळतो, महोत्सव भरतात, हेही महत्त्वाचेच. परंतु त्या यादीबरोबर कोणाच्याही हाती मजुरी येत नाही.

आता व्यवसायाकडे येऊ. शिरदाक मुळात विकण्यासाठी केलेला नव्हता. तो ‘सेप’ म्हणजे मुलीबरोबर सासरी पाठवायच्या सामानातला, तंबूत थंड जमिनीवर अंथरायचा, पाहुण्याला बसायला द्यायचा. सोव्हिएत काळात राजधानी बिश्केकमध्ये, त्या वेळच्या फ्रुंझे शहरात, ‘कियाल’ नावाच्या सरकारी हस्तकला उत्पादनसंस्थेने तो शोभेची वस्तू म्हणून काही प्रमाणात तयार करून घेतला, पण खेड्यातील बाई घरासाठीच करत होती. 1991 नंतर सामुदायिक शेते मोडली आणि पगार थांबले. प्रजासत्ताकात सुमारे एक कोटी मेंढ्या होत्या, त्या काही वर्षांतच निम्म्याहूनही कमी झाल्या, कारण लोकांनी त्या विकून आणि कापून दिवस काढले. त्या वर्षांत शिक्षिका, हिशेबनीस, परिचारिका असलेल्या बायकांनी पेटीतले शिरदाक बाहेर काढून विकले. उद्योजकता हा फार गोड शब्द आहे; सुरुवात अशी लेकीसाठी ठेवलेले विकून झाली हे विसरू नये.

तयार साठा संपल्यावर नवे करणे भाग पडले, आणि तिथे संघटनेची गरज लागली. कोचकोरमध्ये स्वित्झर्लंडच्या हेल्वेटास या संस्थेच्या मदतीने 1990 च्या दशकात स्त्रियांचा गट उभा राहिला आणि त्यातूनच ‘आल्टिन कोल’ ही सहकारी संस्था झाली. या नावाचा अर्थ सोन्याचा हात. तेथील पद्धतीतली एक साधी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते : गालिच्याला करणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी असते. त्यामुळे ग्राहकाला कौतुक वाटते ते वाटतेच, पण खरा परिणाम गावात होतो. कोणाचा गालिचा आठवड्यात गेला आणि कोणाचा वर्षभर पडून आहे हे सर्वांना दिसते, आणि चांगल्या रेषेला किंमत आहे ही गोष्ट प्रवचनाशिवाय पटते. पुढे 2000 च्या सुमारास त्याच गावात पर्यटकांना घरोघरी उतरवण्याची व्यवस्था सुरू झाली आणि गिऱ्हाईक दारात येऊ लागले. बिश्केकमधील मध्य आशियाई हस्तकला साहाय्य संघटनेने ‘ओयमो’ महोत्सवासारखे बाजार भरवले; आत-बाशीत शिरदाकचाच महोत्सव झाला.

दुसरी वाट लहान वस्तूंची. 1998 साली बिश्केकमध्ये स्थापन झालेल्या ‘तुमार’सारख्या उद्योगांनी नमद्याच्या सपाता, पिशव्या, खेळणी आणि रेशमावर मऊ लोकर जमवून केलेल्या ओढण्या परदेशी पाठवल्या. याविषयी नाक मुरडणारे कलाप्रेमी मला भेटतात आणि त्यांच्याशी माझे पटत नाही. किर्गिझस्तानला समुद्र नाही. गालिचा जड असतो आणि त्याचे विमानभाडे कधीकधी बाईच्या मजुरीच्या बरोबरीला येते, तर सपातांचा जोड पाकिटात जातो. शिवाय सपातांमुळे स्त्रीला दरमहा पैसे मिळतात. गालिच्याचे वर्षातून एकदा, विकला गेला तर. नवरा किंवा मुलगा रशियात कामाला गेलेला असताना घर चालवणाऱ्या बाईला दरमहा या शब्दाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

तरीही सपातांमुळे शिरदाक वाचतो, असे मी म्हणणार नाही. सपात साच्यावर होते. तिच्यात खडूची रेषा नाही, जीक नाही, दोन थरांची एकत्र कापणी नाही. ज्या मुलीने पाच वर्षे उत्तम सपाता केल्या, तिला पाच वर्षांनंतरही गालिचा येत नाही. म्हणून ज्या गटात दोन्ही कामे होतात तिथे मी एकच आग्रह धरते : लहान वस्तूंच्या नफ्यातला ठरलेला भाग बाजूला काढून त्यातून वर्षाला काही पूर्ण मापाचे गालिचे गटाच्या खर्चाने करावेत, आणि त्यांची कापणी कसलेल्या बाईने शिकाऊ मुलीला शेजारी बसवून करावी, दोघींनाही त्या दिवसांची मजुरी देऊन. गालिचा विकला जाईपर्यंत शिकाऊ मुलीला थांबायला सांगितले तर ती थांबत नाही, बिश्केकला शिवणकारखान्यात जाते, आणि तिचे चुकते असे मला वाटत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी युरोपातील एका खरेदीदारासाठी मी मध्यस्थी केली. त्यांना राखाडी आणि मळकट पांढरा हीच जोडी हवी होती. भडक लाल-निळा त्यांच्या घरांत शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी ते गटाला सांगितले आणि बारा गालिचे झाले. एकाच कापणीतून दोन नक्ष्या निघतात हे मला ठाऊक होते, पण त्याचा व्यापारी अर्थ मी लक्षात घेतला नव्हता. खरेदीदाराने एकाच बाजूचे, म्हणजे फिकट जमिनीवर गडद नक्षी असलेले गालिचे उचलले. त्यांच्या उलट्या जोडीचे कापलेले तुकडे गटाकडे उरले. लाल-निळे असते तर त्यांचे गालिचे शिवून ते गावातच लग्नसराईत गेले असते. राखाडी गालिचा लेकीबरोबर कोण देणार? एका बाईने मला शांतपणे सांगितले की, असला गालिचा आमच्याकडे म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीवरही टाकत नाहीत. तेव्हापासून मी दोन नियम पाळते. बाहेरच्या मागणीचे दर ठरवताना दोन्ही बाजूंची लोकर आणि कापणी धरायची. आणि गावातले गिऱ्हाईक, म्हणजे लग्नाचे, कधीही सोडायचे नाही. परदेशी फॅशन तीन वर्षांत बदलते. शेजारच्या घरातली सासू गालिच्याची मागची बाजू उलटून टाके मोजते. दर्जा राखायला तिच्याएवढी कडक परीक्षक मला कुठे मिळालेली नाही.

लोकरीचा प्रश्न याहून मुळाशी आहे. किर्गिझ मेंढी मुळात जाड शेपटीची आणि भरड लोकरीची, आणि अशीच लोकर गालिच्याला लागते. शरदातील कातरणी नमद्यासाठी अधिक चांगली मानतात. सोव्हिएत नियोजनाला कापडगिरण्यांसाठी तलम लोकर हवी होती, म्हणून मेरिनोच्या संकराचे कळप वाढवले गेले. गिरण्यांची मागणी संपली आणि आता मेंढी मांसासाठी पाळली जाते, कळपात सगळ्या जातींचे मिश्रण आहे, आणि लोकरीला इतका कमी भाव येतो की ती निवडून वेगळी ठेवण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तलम आणि भरड तंतू एकत्र आले की ते वेगवेगळ्या वेगाने आवळतात. नमद्याला कुठे गुठळी येते, कुठे पातळ डाग राहतो, आणि वर्षभरात तिथे लव सुटू लागते. म्हणून व्यवसायाचा पहिला पैसा लोकर निवडणाऱ्याला गेला पाहिजे. गटाने ओळखीच्या दोन-तीन मेंढपाळांशी कातरणीआधी बोलावे आणि भरड, एकाच रंगाची, वेगळ्या पोत्यात भरलेली लोकर बाजारभावापेक्षा वरचढ दराने घ्यावी. लोकर पिंजायला यंत्र आणले तर माझी हरकत नाही. कंबरडे मोडणारे काम कमी होते आणि गालिच्याची ओळख त्यात नसते. शिलाई मात्र यंत्राने करू नये, कारण यंत्राचा टाका नमद्याला चपटा करतो आणि दोरा लवकर तुटतो.

किंमत कशी ठरवावी, हे आपण वेगळे विचारले आहे. बहुतेक बायका लोकर आणि रंगाचा खर्च काढतात, वर ‘काहीतरी’ ठेवतात आणि स्वतःचे तास मोजतच नाहीत, कारण ते काम संध्याकाळी, मुले झोपल्यावर झालेले असते. मी वही करायला लावते : धुणे, पिंजणे, वळणे, रंगवणे, कापणे, जीक, टाके, प्रत्येकाचे तास वेगळे. उदाहरणापुरते धरू की, गालिच्याला 300 तास लागले, तो 15,000 सोमला (सोम हे किर्गिझ चलन) गेला आणि साहित्य व वाहतुकीचे 6,000 वजा झाले. म्हणजे तासाला 30 सोम उरले. हा आकडा तिने बटाट्याच्या काढणीला मिळणाऱ्या रोजाशी ताडून पाहावा आणि मग किंमत वाढवायची, माप लहान करायचे की ती नक्षी सोडायची हे ठरवावे. टप्प्यांचे तास वेगळे लिहिण्याचा आणखी एक उपयोग असा की, कापणीचे तास फार थोडे भरतात. तासावर मजुरी दिली तर सर्वांत कसबी बाईला सर्वांत कमी पैसे जातात. त्यामुळे कापणीला तासाचा नव्हे, नक्षीचा दर द्यावा. हे पटवताना दरवेळी वाद होतो, पण तो होऊ द्यावा.

माणदेशाशी याचे नाते मला लोकरीतच दिसते. दख्खनी मेंढीच्या काळ्या भरड लोकरीवर घोंगडी उभी आहे. मांसाला भाव असल्याने जवळजवळ बिनलोकरीच्या माडग्याळ मेंढीचा संकर वाढला, लोकर कोणी घेत नाही आणि कातरणीचे पैसे मेंढपाळाला पदरचे द्यावे लागतात. किर्गिझ खेड्यातील मेरिनोची गोष्ट आणि ही गोष्ट, दोन्हींचे कारण एकच : लोकर हे मेंढीचे उत्पन्न राहिले नाही. आपल्या गटांनी पर्स आणि मोबाइलची पाकिटे करू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु सूत कातणारीचे आणि चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणणाऱ्या सणगराचे काम त्या पाकिटांच्या हिशेबात कुठे येते, ते आधी लिहून काढावे. बिरोबाच्या देवळात घोंगडी अंथरणारे घर हे आपले लग्नसराईचे गिऱ्हाईक आहे, त्याला परवडेल अशी एक घोंगडी यादीत ठेवावी. नमदा मात्र शिकवायला जाऊ नये; आपल्याकडे विणकाम आहे, तेच पुरेसे अवघड आहे.

आपण पुढच्या वर्षी स्वतः जाणार असल्याचे लिहिले आहे. उन्हाळ्यात बाजार भरलेला असतो, पण काम पाहायचे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावे. कोचकोर बिश्केकपासून मोटारीने दिवसाच्या आत गाठता येते, आत-बाशी त्याच्याही पुढे आहे. दुकानात गालिचा उलटा करून पाहावा : टाके सारख्या अंतरावर आणि खोल असावेत, चिमटीने ओढल्यावर लव हातात येऊ नये, आणि ओले पांढरे फडके लाल भागावर घासल्यास रंग उतरू नये. मग किंमत विचारण्याआधी हा कोणी शिवला ते विचारावे, आणि त्यानंतर, हा कोणी कापला. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा एखाद्या वेगळ्याच बाईचे नाव येते. तिच्या घरी जावे, आणि जाताना चहाबरोबर खायला काहीतरी न्यावे.